येरवडा ते शिकेकाईची वेल, हिंजवडीमार्गे

माझ्या चक्कीचं नाव निघालं, म्हणून मी प्रवासाला निघाले. नाहीतर या वयात उन्हात डोंगर चढायची हौस मला नाही. देवळातही मी रांग बघते आणि बाहेरूनच हात जोडते.

झालं असं. माझी नात तन्वी हिंजवडीत संगणकाच्या ऑफिसात आहे. पाच दिवस ती तिथे बसते आणि शनिवार-रविवार केसांची पूड, उटणं, दंतमंजन असलं बनवून विकते. प्लास्टिकची बाटली नाही, कागदाची पुडी. रिकामा डबा आणलात तर तो भरून मिळतो. आमच्या लहानपणी सगळीकडे असंच होतं, फक्त तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे. आता सस्टेनेबल म्हणतात आणि ते जरा महाग पडतं.

यंदा होळीच्या आधी शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये असल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. तिथे तन्वीला पहिल्यांदाच टेबल मिळालं. टेबल चाललं तर नोकरी सोडायची, नाही चाललं तर गप्प नोकरी करायची, असं तिनं ठरवून टाकलं. शिकेकाईच्या तीनशे पुड्या माझ्या घरी भरून तयार. शेंगा मुळशीकडच्या एका बचत गटातल्या बायकांनी टेम्पोत घालून पाठवलेल्या, दळल्या मी. येरवड्यात आमची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यावर मीच चालवली, आता मुलगा बघतो. शिकेकाईची छोटी चक्की मागच्या खोलीत वेगळी आहे आणि ती फक्त सोमवारी लावतो, कारण त्या दिवशी सगळी गल्ली शिंकते आणि आमचा उद्धार करते.

तन्वीनं एक पुडी मैत्रिणीला दिली. मैत्रिणीनं केस धुतले आणि फोन केला की डोक्यात रेती राहिली.

तन्वी माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, चक्कीचा दगड झिजला असेल का गं? की टाकी लावल्यावर नीट साफ नाही केला?"

टाकी लावणं म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडणं. त्यानंतरचं पहिलं दळण बाजूला काढायचं असतं, नाहीतर पिठात कच उतरते. हे मला शिकवणार कोण, तर जिला दुधाची पिशवी सरळ कापता येत नाही ती.

"चाळीस वर्षांत माझ्या पिठातला खडा कुणाच्या दाताखाली आला नाही," मी म्हटलं. "तुझ्या शेंगा बघ आधी. कुठल्या आहेत त्या?"

"बचत गट आहे, आजी. एकदम ऑथेंटिक. फोटो आहेत माझ्याकडे."

"तू गेली होतीस?"

"व्हिडिओ कॉल झालाय ना."

"माझं लग्न ठरलं तेव्हा मलाही फोटोच दाखवला होता. त्यात उंची कळत नव्हती."

पुडीवर तिनं काय छापलंय ते मी वाचलं. चौथीपर्यंतच शिकले असले तरी छापलेलं वाचता येतं. 'निसर्गातून थेट. वेलीला न दुखवता. शून्य कचरा.' आणि जिला दुखवलं नाही ती वेल हिनं बघितलेलीच नाही.

मी वाटीभर पाणी घेतलं, चमचाभर पूड ढवळली आणि ठेवून दिली. अर्ध्या तासानं वरचं पाणी ओतलं. तळाला काळी, चमकणारी कच. माझ्या चक्कीचा दगड पांढरा आहे.

"मग ही कशातून आली?" तन्वी म्हणाली.

"तेच बघायला जायचं," मी म्हटलं. "आणि सापडलं की माझ्या चक्कीची माफी मागायची."

प्रदर्शनाला दहा दिवस होते.

आधी शेंगेची जात नीट कळावी म्हणून गुरुवारी मी एकटी शनिवार पेठेत गेले. येरवड्याहून मेट्रोनं डेक्कन आणि तिथून नदी ओलांडून चालत. तिकीट दोन चहांइतकं. सरकता जिना मला आवडतो. गिरणीच्या पट्ट्यासारखा आहे, पदर सांभाळला की झालं.

पेठेत जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. बाहेर पोती उघडी ठेवलेली आणि वर पाटी: 'माल हाताळू नये. हाताळल्यास हात डोळ्याला लावू नये. लावल्यास आम्हाला सांगू नये.' आत सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले. मी पिशवीतून चार शेंगा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"अहो, ही शेंग जरा बघता का?"

"आपण घ्यायला आलात की विकायला?"

"विचारायला."

"त्याचे पैसे पडत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक फार." पण चष्मा चढवला. शेंग मोडली, वास घेतला, अंगठ्यानं चोळली. मग म्हणाले, "शेंग चांगली आहे. माझ्याकडच्यापेक्षा चांगली असेल. पण मी असं म्हणालो हे बाहेर बोलू नका."

"मग त्यात कच कुठून येते?"

"ही वाळून फुटलेली नाही. चिरडलेली आहे."

"कशाखाली?"

"ते मी कसं सांगणार? मी इथून उठत नाही."

पाव किलो नागरमोथा घेतला, कारण दुकानात बसून नुसतं विचारून उठणं बरं दिसत नाही. कोपऱ्यावर चहा आणि खारी घेतली आणि घरी आले. चिरडलेली हा शब्द डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंजवडीला गेले, कारण शनिवारी सकाळी तिथूनच निघायचं होतं. तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीला जाऊ नका, सोमवारी सकाळीही जाऊ नका, जमलं तर जाऊच नका. कंपन्यांच्या बसगाड्या एकीमागे एक अशा उभ्या होत्या जशी दळणाची रांग, आणि गिरणीची वीज गेलेली. येरवड्याहून निघून दोन तासांनी पोचले. माझ्या शेजारच्या सीटवर एक मुलगा सबंध रस्ता लॅपटॉपवर काम करत होता. उतरताना मी त्याला म्हटलं, "बाळा, ऑफिसला पोचायच्या आत घरी जायची वेळ झाली तुझी." तो म्हणाला, "आजी, मी घरीच चाललोय."

तन्वी आणि आणखी दोघी मुली मिळून एक फ्लॅट भाड्यानं घेऊन राहतात. तोंड धुवायला मोरीत गेले, म्हणजे बाथरूममध्ये, आणि तिथे बाटल्या दिसल्या. मला मोजायची सवय आहे. तिघी मुली, सदतीस बाटल्या. केसांना लावायची, ती काढायची, काढल्यावर पुन्हा लावायची. टाचेची वेगळी, कोपराची वेगळी.

रश्मी नावाची मुलगी नागपूरकडची आहे. तिला विचारलं, "ही कसली गं?"

"ते फेससाठी आहे आजी. रात्रीची."

"आणि ही?"

"ते पण फेससाठीच आहे. दिवसाची."

"रात्री तोंड बदलतं का तुझं?"

ती हसायला लागली. म्हणाली, "बदलत तर नाही जी. पण बाटली संपली तर अर्ध्यातच फेकवत नाही ना." गॅलरीत दोन गोण्या भरून रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या. त्या रिसायकलला द्यायच्या आहेत. केव्हापासून द्यायच्या आहेत ते कुणाला आठवत नव्हतं. तन्वी मान खाली घालून उभी होती. एका दिवसाला एकच भांडण करावं, आणि माझं चक्कीचं भांडण आधीचं होतं.

शनिवारी साडेसहाला निघालो. तन्वीची लहानशी गाडी आहे, हप्त्यावर घेतलेली, आणि चालवते चांगली. पुण्याहून मुळशीला जायचं तर लोक चांदणी चौकातून पिरंगुट, पौड असे जातात. हिंजवडीहून जाणाऱ्यांनी माण, घोटवडे करून पौडला निघावं. रस्ता अरुंद, पण गर्दी कमी. मारुंजीचे उंच टॉवर मागे पडले की एकदम भाताची रिकामी खाचरं दिसायला लागतात. खाचरात 'एनए प्लॉट' असे फलक उगवलेले. त्यांना पाणीही लागत नाही.

पौडला मिसळ खाल्ली. तिखट मागितली तर पोऱ्यानं माझे पांढरे केस बघून कमी तिखट आणली. परत पाठवली. दुसरी आणली ती खाताना डोळ्यातून पाणी आलं, पण मी ते पुसलं नाही. दोघींचं दीडशेच्या आत झालं, चहा धरून.

पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं. मार्चात ते मागे सरकलेलं असतं आणि काठाला तांबडी माती उघडी पडते. काटेसावरीला पानं नव्हती, नुसती लाल फुलं. शनिवार म्हणून पुण्याच्या गाड्याच गाड्या. एकीच्या टपातून एक मुलगी कंबरेपर्यंत बाहेर येऊन फोटो काढत होती. खालून कुणीतरी तिचे पाय धरले असावेत.

मुख्य रस्ता सोडून आम्ही डावीकडे वळलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही गर्दी कराल. रस्ता नुकताच डांबर टाकून काळाभोर केलेला. दोन वळणं गेल्यावर पुढे निम्म्या रस्त्यावर काहीतरी तपकिरी पसरलेलं दिसलं. कडेनं दगड मांडलेले. तन्वीनं गाडी हळू केली आणि दुसऱ्या बाजूनं घ्यायला लागली. तेवढ्यात झाडाखालून एक बाई काठी हलवत पुढे आली.

"तिकडनं न्हाय ताई, हिकडनं. वरनंच घ्या. बिनधास घ्या."

तन्वीनं वरून घेतली. टायरखाली कडकड कडकड असा आवाज झाला, जसे कुणी पापड मोडतंय. मला तो आवाज कळला. चाळीस वर्षं मी तो चक्कीच्या तोंडाशी ऐकलाय.

"तनू," मी म्हटलं, "थांबव गाडी. आणि खाली उतरून बघ आपण कशावरून आलो."

ती उतरली, वाकली, एक शेंग उचलली. मग दुसरी उचलली. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली.

काठीवाली बाई हसत जवळ आली. साठीच्या आतली, काळी, सडपातळ, केस एवढे दाट की माझ्या तीन वेण्या होतील. "तुमीच का त्या फोनवरच्या ताई? मी हौसाबाई. बरं झालं शनिवारी आला. शनिवार-रविवार गाड्या लई असत्यात. दोन दिसात सगळं बी मोकळं हुतंय. मंगळवारी टाकलं तर आठ दिस जात्यात."

म्हणजे पुण्याच्या पोरांनी सहलीला यायचं, त्यांच्या गाड्यांनी शेंगा मळायच्या, आणि त्याच शेंगा पुण्यात जाऊन त्यांच्याच डोक्याला लागायच्या. डांबराची कच वरून फुकट. तन्वीनं पिशवीतून एक पुडी काढली होती आणि 'निसर्गातून थेट' हे पुन्हा पुन्हा वाचत होती.

मला हसू आवरेना. मी सहसा अशी हसत नाही, पण त्या दिवशी गाडीचं दार धरून हसले.

"आजी, हसू नकोस," तन्वी म्हणाली. "तीनशे पुड्या आहेत. संपलं सगळं." आणि मग तिलाच हसू फुटलं. "माझ्याच गाडीनं, आजी. माझ्याच गाडीनं."

हौसाबाई आमच्याकडे बघत राहिली. मी तिला वाटीतल्या पाण्याची गोष्ट सांगितली. ती गंभीर झाली.

"आमी हुलगं बी असंच मळतो. धुऊन घेतलं की झालं."

"शेंग धुतली तर फेस जातो, हौसाबाई. ती तशीच दळावी लागते."

"व्यापारी तर कदी बोलला न्हाय."

"तो स्वतः लावत नसेल."

"लावंल कशाला? टाळूवर केस हाय कुठं त्याच्या?"

"आणि तुम्ही? तुमच्या केसांसाठी कुठल्या शेंगा?"

तिनं इकडेतिकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमच्यापुरत्या उखळात कांडतो."

"म्हणजे तुमच्या डोक्याला उखळ आणि आमच्या डोक्याला टायर."

"पुण्याच्या बायांची डोकी टणक असत्यात म्हणं, मावशी," ती म्हणाली. इथे मला ही बाई आवडली.

तिच्या घरी पाणी प्यायलो आणि वेल बघायला गेलो. आता एक खरं सांगते. तन्वीला मी एवढं बोलले, पण मीही कधी शिकेकाईची वेल बघितली नव्हती. चाळीस वर्षं दळली, आणि माझ्या मनात ते चिंचेसारखं झाड होतं. हौसाबाईनं बोट दाखवलं तिकडे मी झाड शोधत राहिले. ती म्हणाली, "झाड नगा बघू मावशी, झाडावर काय चढलंय ते बघा." जांभळीच्या मोठ्या झाडावर शेंड्यापर्यंत एक वेल गेली होती, मनगटाएवढी जाड, अंगभर आकड्यासारखे उलटे काटे. त्यात मधे मधे तपकिरी शेंगांचे घोस. अर्ध्या तासाची चढण आहे. जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा जाड कपडा घाला, साडी नेसत असाल तर पदर खोचा. मी खोचला नव्हता. वेलीनं धरून ठेवला आणि सोडेना.

हौसाबाईची सून आणि आणखी दोघी आकडी लावलेल्या लांब बांबूनं शेंगा खाली ओढत होत्या. आकडी पोचेल तेवढ्याच. वरच्या शेंगा तशाच.

"त्या का नाही काढत?" तन्वीनं विचारलं.

"त्या पाखरांच्या आणि पुढच्या सालाच्या," सून म्हणाली. "पल्याडच्या डोंगरात लोकांनी वेल बुडातनं तोडली आणि वडून खाली पाडली. एका सालात लई माल निघाला. आता तिथं करवंद बी न्हाय."

तन्वीचा चेहरा उजळला. "म्हणजे ते खरं आहे, आजी. वेलीला न दुखवता."

"वेलीला दुखत नाही हे खरं," मी म्हटलं. "आता हिचा हात बघ."

सुनेच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. जुने, नवे, एकावर एक. तिनं हात मागे घेतला. म्हणाली, "हे रोजचंच हाय." तन्वीनं पुडी पिशवीत ठेवली ती पुन्हा काढली नाही.

दुपारी तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कच्चा कांदा. पैसे देऊ केले तर हौसाबाई रागावली, म्हणून आणलेला नागरमोथा दिला. तो तिनं हुंगला आणि म्हणाली, "ह्यो वढ्याकाठी फुकट मिळतो आमच्यात."

जेवल्यावर खरा प्रश्न काढला. रस्त्यावर का? तर अंगण उरलं नाही. घरापुढची सपाट जमीन बंगल्यासाठी गेली. आता बंगल्याच्या भिंतीला लागून घराचं दार. पत्र्यावर मावतात तेवढ्या शेंगा वाळतात. तशी दोन पोती घरात होती, वाळलेली पण बी काढायला अजून रस्त्यावर न गेलेली. बाकीच्यांना डांबर. बंगल्याला मात्र ही मोठी गच्ची, आणि तो बंद.

"मालक कोण?"

"कोथरूडचं हायत. वर्सातनं दोनदा येत्यात. झाडलोट आमीच करतो. पर गच्चीवर काय टाकू देत न्हाईत. डाग पडंल म्हणत्यात."

"फोन लाव," मी तन्वीला म्हटलं. तिनं हौसाबाईकडून नंबर घेऊन लावला आणि "हॅलो सर, अ‍ॅक्च्युअली" असं सुरू केलं. या पद्धतीनं दिवस गेला असता. मी फोन घेतला.

"नमस्कार. तुमच्या गच्चीसंबंधी बोलायचं होतं."

"आपण कोण?"

"मी येरवड्याहून बोलतेय."

पलीकडचा आवाज सावध झाला. "येरवड्याहून म्हणजे?"

"आतून नाही, बाहेरून. तिथे माझी गिरणी आहे."

मग त्यांचा आवाज सैल झाला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, डाग पडतील. मी म्हटलं, ताडपत्री टाकू. ते म्हणाले, बायका वर-खाली करतील, जिना खराब होईल. मी म्हटलं, आत्ता त्या फुकट झाडतात तेव्हा जिना खराब होत नाही का. ते म्हणाले, आपण फार स्पष्ट बोलता. मी म्हटलं, फोनचे पैसे नातीचे आहेत. शेवटी होळीपर्यंत वापरा म्हणाले, मग बघू. आणि घरी दोन पुड्या पाठवा म्हणाले, बायकोचे केस गळतात. कोथरूडचा माणूस काही घेतल्याशिवाय काही देणार नाही हे मला ठाऊक होतं, पण दोन पुड्यांवर भागेल असं वाटलं नव्हतं.

राहिलं बी काढणं. मी ती दोन पोती मागवली. एक पोतं अर्धं रिकामं केलं, तोंड बांधलं, आडवं टाकलं आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन बडवायला लागले. गोधडी बडवतात तसं. दहा मिनिटांनी सुनेनं माझ्या हातातून ते काढून घेतलं, मग तन्वीनं घेतलं. शेजारच्या दोघी आल्या. कुणी जाऊबाईचं नाव घेऊन मारलं, कुणी व्यापाऱ्याचं. तन्वी तिच्या मॅनेजरचं नाव घेत होती आणि तिचं पोतं सगळ्यात आधी झालं. सुपानं पाखडलं तर बी वेगळं, टरफल वेगळं, कच नाही.

हौसाबाई म्हणाली, "झालं चांगलं. पर मावशी, रस्त्यावर टाकून आमी दुसरी कामं करतो. ह्याला चार बाया दिसभर अडकणार."

"मग त्या दिवसाची मजुरी शेंगेत धरा," मी म्हटलं आणि तन्वीकडे बघितलं.

तन्वीनं जरा विचार केला. हिशेब तिला येतो. "पुडी महाग होईल," ती म्हणाली.

"होऊ दे. बाथरूममध्ये सदतीस बाटल्या परवडतात ना तुम्हाला."

ते दोन पोत्यांचं निवडलेलं टरफल गाडीत घालून अंधार पडायच्या आत परत निघालो. वाटेत त्या पसरलेल्या शेंगा आल्या. हौसाबाईच्या पुतण्यानं त्या गोळा करायला घेतल्या होत्या. तन्वीनं गाडी कडेनं, दगड चुकवत, नव्या नवरीसारखी हळू नेली.

सोमवारी दळलं. गल्ली शिंकली. वाटीच्या तळाला काही नाही, मी तीनदा बघितलं, तन्वीनं चारदा. शंभर पुड्या झाल्या. उरल्या त्या जुन्या तीनशे. तन्वी त्या टाकून द्यायला निघाली. मी तिला विचारलं, "शून्य कचरा तूच लिहिलंस ना?" मग देवघरातली काळी पडलेली समई घेतली, ती पूड ओल्या फडक्यावर घेतली आणि घासली. शिकेकाईचा फेस आणि वरून बारीक कच. समई अशी निघाली की मुलाला वाटलं नवी आणली.

पुड्यांवरचा जुना कागद काढून नवे दोन कागद मी माझ्या हातानं लिहिले आणि तन्वीनं त्यांच्या झेरॉक्स काढल्या. एका ढिगावर: 'भांड्यांसाठी. डोक्याला लावू नये. कारण विचारल्यास सांगू.' दुसऱ्यावर: 'केसांसाठी. वेलीला काही झालेलं नाही. तोडणाऱ्या बायकांचे हात ओरबाडले आहेत, म्हणून महाग आहे. पटत नसल्यास घेऊ नये.'

"आजी, असं लिहून कोण घेईल?" तन्वी म्हणाली.

"पुण्यात आहोत आपण," मी म्हटलं. "इथे गोड लिहिलं तर संशय येतो."

रविवारी शनिवार पेठेतला तो हॉल भरलेला होता. भांड्यांच्या पुड्या दुपारपर्यंत संपल्या, कारण प्रत्येकाला कारण विचारायचं होतं आणि ऐकून झाल्यावर तसंच निघून जाणं त्यांना जमेना. केसांच्या पुडीपाशी एक निवृत्त शिक्षिका आल्या, चष्मा कपाळावर ठेवून कागद वाचला, दोनदा वाचला. "शुद्धलेखन ठीक आहे," म्हणाल्या आणि तीन घेतल्या. मग जडीबुटीवाले काका आले. दुकानातून उठत नाहीत ते.

"कशाखाली चिरडली होती?" त्यांनी विचारलं.

"गाड्यांखाली."

"वाटलंच मला." त्यांनी भांड्यांची शेवटची पुडी घेतली, तराजूच्या पितळी पारड्यांसाठी. पैसे मोजून दिले. "पुढच्या वर्षी मलाही एक पोतं सांगा त्या बायकांना. ते न चिरडलेलं." तन्वीनं वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. चार वाजता टेबल रिकामं होतं.

घरी आल्यावर तन्वी पायावर पाय टाकून बसली आणि तिनं जाहीर केलं की ती जूनमध्ये नोकरी सोडणार.

"जूनमध्ये कशाला?" मी म्हटलं. "शेंगा फेब्रुवारीत तयार होतात. जूनमध्ये घरी बसून काय करशील? गाडीचे हप्ते फेड, रिकाम्या बाटल्या भंगारात घाल आणि जानेवारीत सोड."

तिला वाटलं होतं मी सोडूच नको म्हणेन.

आता माझ्यापाशी या प्रवासातलं काय राहिलं असं विचाराल तर लुगड्याच्या पदराला एक भोक. काटा काढून टाकला, रफू केलेलं नाही. वेल कशी असते ते कळलं. हौसाबाईचा फोन आठवड्याला येतो, बोलते ती कमी, विचारते जास्त. पुढच्या मोसमात चार दिवस धोपाटणं धरायला बोलावलंय, आणि मी जाणार आहे. तुम्हाला यायचं असेल तर पौडची मिसळ चुकवू नका, आणि गावाकडच्या रस्त्यावर काही पसरलेलं दिसलं तर आधी विचारा की ते कुणाच्या डोक्याचं आहे.

माफीचं म्हणाल तर ती तन्वीनं तोंडानं मागितली नाही. आमच्या घराण्यात तशी पद्धत नाही. पण परवा सोमवारी सकाळी मी मागच्या खोलीत चक्की लावायला गेले तर दारावर नवी पाटी होती, तिच्या अक्षरात, रंगानं लिहिलेली:

'शिकेकाई फक्त सोमवारी. चक्कीचा दगड उत्तम आहे. आपली शेंग गाडीखालून आली असल्यास दळून मिळणार नाही.'